नाण्याएवढी फट

पवित्राने तळहाताने दार लोटलं आणि अख्खा स्टॉल खडखडला. तिने पुन्हा लोटून पाहिलं. चौकटीतल्या फळ्या हलल्या आणि वरची कंपनीच्या नावाची पाटी बराच वेळ थरथरत राहिली.

प्रदर्शनाचा स्टॉल आधी चामराजपेटेतल्या कारखान्याच्या अंगणात उभा करून बघायचा, मग सुटा करून टेम्पोत घालायचा, ही तिच्या सासऱ्यांची, आप्पाजींची, जुनी रीत. या वेळचं प्रदर्शन इथलंच होतं, बेंगळुरूतलं. संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीची शलाका तो पाहायला येणार होती. ॲल्युमिनियमच्या तयार सांगाड्यांच्या जमान्यात लाकडाचा स्टॉल मागणारी ती या वर्षातली पहिलीच. तिने नाक मुरडलं असतं, तर कारखान्याची जागा गिळायला शेजारचा गोदामवाला टपून बसलाच होता.

आप्पाजींचा उभ्या जन्माचा जोडीदार यल्लाप्पा खाली बसला. फळी आणि चौकट यांच्यामधल्या फटीत त्याने नख घालून पाहिलं.

"मेस्त्रींचे हात गेले, अक्का," तो हळूच म्हणाला. "वय झालं. त्यांना काय बोलू नका."

पवित्राने एकेक फट न्याहाळली. हात गेले असते तर एक फट मोठी, एक लहान असती. इथे सगळ्या एकसारख्या होत्या. सासऱ्यांच्या हत्यारांच्या पेटीतून तिने ते झिजलेलं नाणं काढलं आणि एका फटीत सरकवलं. अलगद बसलं. दुसरीत, तिसरीतही तसंच. मग ती तिथेच पायरीवर बसली.

त्या नाण्याची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. बेंगळुरूच्या कोरड्या हवेतलं लाकूड चेन्नईला गेलं की समुद्राच्या हवेने दोन दिवसांत फुगतं. पहिल्याच खेपेला तिथल्या प्रदर्शनात दार असं घट्ट बसलं होतं, की उद्घाटनाचे पाहुणे बाहेर आणि कंपनीचे साहेब आत अडकले. तेव्हापासून तिकडच्या कामाला प्रत्येक सांध्यात नाण्याएवढी फट सोडायची असं ठरलं. पुढे कामंच तिकडची जास्त झाली. बंदर तिथे, गाड्यांचे कारखाने तिथे, मोठमोठी सभागृहंही तिथेच उठली. जिकडे सुई तिकडे दोरा, तसे इथले सुतार, रंगारी आणि मांडववाले बोटं मोडत का होईना, पण त्या शहराच्या मागे गेले. आप्पाजींचा महांतेशही गेला. हंगामात तो तिथेच खोली घेऊन राहायचा.

रोज सकाळी चहा झाला की आप्पाजी लेकाला फोन लावत.

"हवा कशी हाय?"

"दमट हाय, आप्पा."

झालं, संपलं बोलणं. बापलेक जेवलास का एवढंही एकमेकांना विचारत नाहीत, म्हणून पवित्रा नवऱ्याला चिडवायची. तो म्हणायचा, विचारलंय की, हवा विचारली म्हणजे सगळं विचारलं.

गेल्या पावसाळ्यात तिथेच त्याला ताप भरला आणि आठवड्यात तो गेला. त्यानंतर आप्पाजींनी चेन्नईचं काम घेतलं नाही आणि लेकाचं नावही तोंडातून काढलं नाही. फक्त सकाळी चहा झाला की ते फोन हातात घेत, थोडा वेळ धरून बसत आणि परत बाजूला काढून ठेवलेल्या टोपीखाली ठेवून देत.

"हात गेले न्हाईत, यल्लाप्पा," पवित्रा म्हणाली. "स्टॉल चेन्नईचा केलाय त्यांनी."

यल्लाप्पाने मान खाली घातली.

आप्पाजी आत दुपारचे आडवे झाले होते. ते उठायच्या आत फटी बुजवायच्या असं दोघांनी ठरवलं. यल्लाप्पाने लाकडाचे पातळ पापुद्रे कापले, पवित्राने त्यांना सरस लावला. हातोडीचा आवाज नको म्हणून दोघं अंगठ्याने दाबून एकेक पट्टी आत सरकवत होते. वर्षभर उधाऱ्या, गिऱ्हाइकं आणि घर सांभाळताना पवित्राला धड रडायलाही सवड मिळाली नव्हती. आता एकेक फट बुजत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. नवऱ्याची परत यायची वाट आपणच बंद करतोय असं तिला वाटलं. तरी हात चालू ठेवावे लागले.

आप्पाजी बाहेर आले तेव्हा सरस वाळला होता. त्यांनी दार लोटलं. ते आवाज न करता बंद झालं. मग त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. पट्टीपाशी तो थांबला.

"सगळ्या भरल्या?"

"व्हय, मामा."

"लाकूड जरा ज्यास्तच वाळलं होतं, मेस्त्री," यल्लाप्पा घाईने म्हणाला.

आप्पाजींनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"हितलं काम हाय, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "हात दर खेपेला नाणं उचलायचा. मी उचलू दिलं."

आप्पाजी गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि खालच्या फळ्या तपासू लागले. स्टॉलमधल्या टेबलाच्या मागे, खणाच्या बाजूला एक फट राहून गेली होती. त्यांनी न बघताच मागे हात पसरला. पवित्राने त्यावर पट्टी ठेवली. त्यांनी ती पटाशीने मापात तासली, सरस लावला, आत सरकवली आणि अंगठ्याने दाबून धरली. सरस धरल्यावरही त्यांनी बराच वेळ अंगठा काढला नाही.

संध्याकाळी शलाका आली. दार दोनदा उघडून मिटून, एकदम सॉलिड झालंय काका, म्हणाली. पुढचं प्रदर्शन चेन्नईला आहे, तिथलाही स्टॉल कराल का, असंही तिने जाता जाता विचारलं. पवित्रा सवयीने नाही म्हणणार, तोच आप्पाजी म्हणाले, "करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायचा होता. पवित्राने चहा दिला. आप्पाजींनी तो संपवला, कप बाजूला ठेवला. फोन टोपीखालीच राहिला. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं.

"चेन्नईच्या कामाला लागंल. माप आता तू घेत जा."

तिने मूठ मिटली. ते अंगणाकडे बघत होते.

"आज हितली हवा कशी हाय?"

पवित्राने जवळच्या फळीवर तळहात ठेवून पाहिला.

"कोरडी हाय, मामा."

त्यांनी मान हलवली. रंधा उचलला, पात्यावरून बोट फिरवलं आणि परत खाली ठेवला.

"तू खाल्लंस काय?"