अज्जा कशाला जगतो

आमच्या मंगळवार पेठेत एका बाळाला एका दिवसात एकतीस तास मांडीवर घेतलं गेलं. खोटं वाटत असेल तर तेजस्वीची वही बघा, तीत लिहिलंय. दिवसाचे तास चोवीसच असतात हे मलाही ठाऊक आहे. पण ते मोजणारा आमच्या पेठेत कधी आलेला नसणार.

बाळ म्हणजे माझी नात रक्षिता, सहा महिन्यांची. आणि तेजस्वी ही मुरगूडची पोरगी. परदेशात राहून माणसाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करते. माकडाचं पिल्लू आईला चिकटून मोठं होतं, मग माणसाचं पोर वाढवायला एवढे हात का लागतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी एकेका घरात महिनाभर बसायचं, दर दहा मिनिटांनी बघायचं आणि लिहायचं: बाळ कुणाकडं आहे.

घरात या वहीकडं सगळ्यात जास्त डोळे लावून बसली होती माझी सून, शांभवी. ती जयसिंगपूरला शाळेत शिकवते. एक तारखेला हजर झाली नाही तर तिची जागा दुसरीला देणार होते. आणि माझी बायको गंगव्वा हटून बसलेली.

"आईबिगर पोरगी ऱ्हायाची न्हाय. माझं गुडघं गेल्यात. तू गेलीस की घेणार कोण?"

पहिला दिवस पार वाया गेला. पावणं वही घेऊन बघतंय म्हटल्यावर पोर खाली कसं ठेवायचं? माझा मुलगा संगमेश भांड्यांच्या दुकानाला कुलूप लावून आला. त्याच्याकडनं शेजारच्या तानाबाईनं पोर ओढून घेतलं. "माझं नाव नीट लिवा, बाई. आणि अर्धा तास लिवा, ईस मिंटं नको." समोरचा शिंपी गळ्यात टेप अडकवून आला. गर्दी वाढली तेव्हा एकानं डोक्याकडनं धरलं, दुसऱ्यानं पायाकडनं, आणि दोघांनीही तोच वेळ आपापल्या नावावर लावून घेतला. झाले की नाही एकतीस?

तेजस्वीनं कपाळाला हात लावला. "अव्वा, मी इथं न्हायच असं समजा की."

"बिनकामाचं माणूस डोळ्यासमोर बसल्यावर कसं समजायचं?" म्हणत गंगव्वानं मेथीच्या दोन जुड्या तिच्यापुढं टाकल्या. "निवड."

तिसऱ्या दिवशी तेजस्वी घरचीच झाली. मेथी निवडायची, शेंगा सोलायची, आणि मधेच मांडीखालची वही काढून खरडायची. तिकडं कुणाचं लक्षही जाईना.

एका दुपारी मीच विचारलं, यातनं निघणार काय?

"अज्जा, बहुतेक प्राण्यांत पिल्लं व्हायची थांबली की मादी फार जगत न्हाय. बाई मात्र पुढं तीस-चाळीस वर्षं जगते. का? नातवंडांना तिचा उपयोग होतो म्हणून, असं काहीजण म्हणतात."

"आणि अज्जा कशाला जगतो?"

तिनं शेंग फोडली. "त्येचं अजून नक्की ठरलेलं न्हाय."

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

महिना संपला तेव्हा तिनं सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. बाळ शंभर वेळा कुणाच्या तरी अंगावर असेल, तर त्रेचाळीस वेळा आईकडं. अव्वाकडं अठरा. संगमेशकडं सहा. शेजारीपाजारी चार.

"आणि अज्जा, एकोणतीस."

"ह्ये?" गंगव्वा ओरडली. "ह्यांनी सोताच्या लेकाला कधी उचललं न्हाय!"

"तुम्ही दुपारी आडव्या झाला की अज्जा तिला घेऊन फिरत्यात, मागच्या सोप्यात."

बाप्यानं पोर घेऊन फिरू नये, हे मी तालमीच्या कट्ट्यावर चाळीस वर्षं सांगत आलो. आताही जिभेवर थाप तयार होती: ती पोरगी नव्हती, उशी होती. पण शांभवी माझ्याकडं बघत होती. एक तारीख तोंडावर आली होती.

"व्हय, घेतो," मी म्हटलं. "रडली की घेतो. गोष्ट सांगितली की गप हुती."

"कसली गोष्ट?" तेजस्वीनं पेन उघडलं.

"पंचगंगेत एक मगर हाय. ती पहाटे तालमीत जोर मारायला येती."

गंगव्वानं मला खालवर न्याहाळलं. "दुपारचं झालं. सकाळचं काय करशीला?"

"सकाळची मगर येगळी हाय."

एक तारखेला शांभवी एसटीत बसली, आणि रक्षितानं घर डोक्यावर घेतलं. मगर चालली नाही. मगरीचा भाऊ चालला नाही. मी चार मगरी एकमेकींशी कुस्ती लावून दिल्या, तरी दोन तास पोरगी थांबेना. गंगव्वा दुखरे गुडघे घेऊन माझ्यामागनं सोप्यात फेऱ्या मारत होती. तीही दमली, मीही दमलो. शेवटी माझ्या खांद्यावर लाळ गाळत पोरगी झोपली, तेवढ्यात शांभवीचा फोन आला.

"मामा, पोचलो. रडली का वो लई?"

मी तोंड उघडायच्या आत गंगव्वानं माझ्या हातातला फोन घेतला.

"कोण, रक्षिता? छ्या! तू गेल्यापास्नं नुसती हसायल्या."