मलिद्यातलं तूप

मिल्काबाई पेणकरांच्या नातीचं बारसं, आणि कार्यक्रम आखला कोणी, तर मुलाने! एलिझरचा सगळा मामला घड्याळावर. प्रार्थना, नाव, जेवण, की पाहुणे गाडीत बसून ठाण्याच्या वाटेला. पाळण्याच्या गाण्यांवर त्याने सरळ काट मारली. "आई, एवढी कडवी कोण ऐकत बसणार? कसाऱ्याला गाड्या तुंबतात."

मिल्काबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. ते "बरं" जिव्हारी लागलं शेजारच्या वत्सलाबाईंना. मिल्काबाईंच्या सासूने अलिबागकडून आणलेली ती मराठी गाणी घरात आता एकट्या त्यांनाच येत होती. नाशिकरोडच्या त्या कॉलनीत ज्यूंचं घर हे एकच. आज गाणी राहिली की कायमची राहिली!

मलिदा करायचं काम मिल्काबाईंनी मोठ्या विश्वासाने वत्सलाबाईंवर सोपवलं होतं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडे. वत्सलाबाईंनी सगळं सांगितल्यासारखं केलं आणि शेवटी हात आवरेना म्हणून वरून तुपाची धार सोडली. गोडाला तूप नको म्हणजे काय!

ज्यूंचे प्रेषित एलियाहू नबी, त्यांचं नाव घेऊन प्रार्थना झाली, सगळ्यांनी मलिदा खाल्ला. ठाण्याच्या आत्या म्हणाल्या, "वास काय सुरेख येतोय!"

"घरच्या म्हशीचं तूप हे," वत्सलाबाई फुलून म्हणाल्या. "लासलगावहून भाऊ पाठवतो."

आत्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. आत मटणाचं पातेलं तयार होतं, आणि या घरात दूधतूप नि मटण एका जेवणात चालत नाही. मटणाला इथे नारळाचंच दूध पडतं हे वत्सलाबाई इतकी वर्षं बघत होत्या, पण मलिद्याच्या वेळी डोक्यात आलंच नाही. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"लय मोठी चूक झाली ओ, ताई. तुमच्या बारशाचा इचका केला म्या."

"वत्सला, तूपच घातलंस ना? विष नाही घातलंस," मिल्काबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "सगळ्यांनी चुळा भरा. तुपानंतर थोडं थांबून मटण खाल्लं तर चालतं. आपण तासभर थांबू."

एलिझरने घड्याळ बघितलं. "तासभर करायचं काय, आई?"

"पाळणा आण."

काय बाई होती! घरात एवढा घोटाळा झालेला, पण ना कुणाला टोचून बोलली, ना आपला नेम मोडला. आत्यांनी बाळाच्या कानात "तिर्झा" म्हणून नाव सांगितलं आणि मिल्काबाईंनी गायला सुरुवात केली. गाण्यात समुद्र होता, माडाची सावली होती, बाळाला राखायला येणारे नबी होते. ठाण्याच्या बायकाही हळूहळू सूर धरू लागल्या. वत्सलाबाई डोळे पुसत टाळ्यांचा ठेका धरत होत्या.

मध्येच एलिझर उठून दाराशी गेला. आता हा गाडी लावायला सांगणार, वत्सलाबाईंना वाटलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या, दादा. आम्हाला उशीर होईल."

परत येऊन त्याने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि आईच्या पायाशी बसला.

"आई, पहिल्यापासून म्हण. सावकाश म्हण, मला शिकायचंय."