निंबा बाद होतो

मधल्या रेषेपलीकडून निंबा आपल्या अंगणात परतला आणि अख्ख्या अमळनेरने टाळ्या पिटल्या. चढाईत त्याने कुणाला शिवलंसुद्धा नव्हतं. तरी टाळ्या! कारण त्याच्या संघाचे बाकी सगळे गडी बाद होऊन बाहेर बसले होते आणि मैदानात हा एकटाच उरला होता.

एकटा, आणि अख्ख्या स्पर्धेत एकदाही बाद न झालेला. पंचांच्या टेबलाशेजारी झेंडूचा हार घातलेली नवी कोरी सायकल उभी होती. जो गडी शेवटपर्यंत बाद होणार नाही त्याला सायकल, असं कापसाचे व्यापारी रुपचंदशेठ पहिल्याच दिवशी माईकवर बोलून बसले होते. असा गडी अजून जन्माला यायचाय, हा त्यांचा हिशेब. उपांत्य सामन्यापासून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इकडे निंबाच्या बायकोने, सुनंदाने, सायकल ठेवायची जागा सारवूनही टाकली होती.

समोर दोंडाईचा गावचा संघ. ते आघाडीवर होते आणि भलते हुशार होते. शेवटचा गडी बाद झाला की लोण चढतो, जादा गुण मिळतात; पण मग अख्खा संघ पुन्हा जिवंत होऊन मैदानात उतरतो. म्हणून ते निंबाला हातच लावत नव्हते. त्यांचा गडी यायचा, कबड्डी कबड्डी घुमवायचा आणि हसत परत जायचा. वेळ मात्र संपत चालली होती.

निंबाला हे केव्हाच कळलं होतं. बाहेरून कुणी ‘बाद हो’ अशी हाक कशी मारत नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं. बाहेर बसलेल्या गड्यांतला पंडित एरवी गप्प बसणारा नव्हे, तोही आज अंगठ्याने माती उकरत होता. निंबा रेषेकडे सरकला.

“आबा, काय करू?”

कर्णधार तोताराम आबांनी वर पाहिलंच नाही.

“खेय तू. आम्ही बठेल शेतस.”

“टाइम जाई ऱ्हायना ना.”

“जाऊ दे. तुले सायकल भेटी.”

आबांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, तर निंबा हट्टाने खेळत राहिला असता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली. दोंडाईच्याचा गडी आला. निंबा मागे मागे गेला आणि सरळ मागची रेषा ओलांडून बाहेर उभा राहिला.

पंच गोंधळले. “पाय घसरला का रे?”

“नाही साहेब. मीच गेलो. लोण लिहा.”

लोक हळहळले. टाळी फक्त रुपचंदशेठनी वाजवली.

सगळा संघ आत उतरला. तो सामना त्यांनी एका गुणाने मारला, पण ते नंतर. त्याआधी निंबा उतावळेपणाने चढाईला गेला आणि सपशेल पकडला गेला. बाहेर येऊन बसला. मांडी घालावी की उकिडवं बसावं, हेही त्याला सुचेना. आजवर त्याने गुण आणून कितीकांना उठवलं होतं. स्वतः कुणाच्या भरवशावर असा बसला नव्हता.

आत पंडितने दोंडाईच्याच्या गड्याच्या घोट्यावर झेप घातली. धुरळा उडाला. शिट्टी वाजली.

“ऊठ भो!” धुळीने माखलेला पंडित ओरडला. “जित्ता व्हयना तू!”

निंबा उठला तो असा सुसाट धावला, की थेट दोंडाईच्याच्याच अंगणात शिरला.

“आरे, इकडे!” त्याचे गडी हसत ओरडले, आणि सरकून त्यांनी साखळीत त्याच्यापुरती जागा केली.