दहा मोजेपर्यंत

हेडफोनवरून आमच्या घरात महिनाभर अबोला होता. बाहेर कुणाला सांगितलं असतं तर त्याने आधी हेडफोन म्हणजे काय ते विचारलं असतं. साल बहात्तर. अर्धी राहुरी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, आणि इथे बाप आणि लेक दोन काळ्या वाट्यांवरून भांडत होते. लाज वाटायला हवी होती. तेव्हा नाही वाटली.

माझे वडील, सूर्यभान, पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कृषी विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला आलेल्या एका जर्मन साहेबाचा टेपरेकॉर्डर बंद पडला होता. अण्णांनी तो एका दुपारी चालू करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मायदेशी जाताना साहेबाने स्वतःचा हेडफोन त्यांच्या हातात ठेवला. जाड काळ्या चामड्याच्या गाद्या, वर पोलादी पट्टी, आणि चांगली चार हात लांब वायर. अण्णांच्या स्वतःच्या जुन्या टेपरेकॉर्डरला त्याची पिन बसत नव्हती. त्यांनी दोन दिवस खपून नवी पिन डाख देऊन जोडली आणि मगच जेवायला बसले.

पहिला मान शेजारच्या कलाबाईंना मिळाला. अण्णांनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि छगन सनईवाल्याच्या टेपचं स्पूल लावलं. "अगं बया! माझ्या डोस्क्यातच वाजतंय की!" त्या अशा ओरडल्या की समोरचा वाणी तराजू टाकून बाहेर आला. हेडफोन लावलेला माणूस आपण ओरडतोय हे विसरतो. मग पोस्टमन मच्छिंद्र आले, त्यांनी मिनिटभर ऐकून हेडफोन काढून ठेवला. "ब्येस हाय अण्णा. पन एकट्यानं ऐकायचं म्हंजी एकट्यानं जेवल्यावानी वाटतंय." अण्णा नुसते हसले. आमचा मोठा लाकडी स्पीकर त्या दिवसापासून फडक्याखाली गेला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी त्या हेडफोनला म्हणायचे.

आता आईचं सांगते. आई, भागिरथी, त्याच्या दोन वर्षं आधी दम्याने गेली होती. अण्णांकडे बावीस स्पूल होती. वाघ्या-मुरळी, गोंधळी, डफ, पारनेरकडचा एक आंधळा एकतारीवाला, हौसेपायी सगळ्यांचे आवाज भरून ठेवलेले. आईचा आवाज एकावरही नव्हता. तिने एकदा मागितलं होतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "माजंबी एकदा भरा की." अण्णांनी वर न बघता उत्तर दिलं, "तुजा आवाज तर रोजचाच हाय."

मी तिथेच होते. ते वाक्य मी अण्णांना कधी माफ केलं नाही. त्यात भर पडली छगन सनईवाल्याची सनई भरली त्या दिवसाची. म्हातारबाबांचे पुढचे दोन दात उरले होते, ते पडायच्या आत सनई भरायची म्हणून अण्णा घायकुतीला आलेले. पिठाची गिरणी बंद असेल तेव्हाच विजेचा दाब सरळ राहायचा, म्हणून भर दुपारची वेळ. भिंतींवर गोधड्या टांगल्या, घड्याळ थांबवलं, कोंबड्या हाकलल्या. सनई मोठ्याने वाजते म्हणून म्हातारबाबांना ओसरीच्या टोकाला बसवलं आणि माइक लांब, माजघराच्या दाराशी टांगला. त्या दाराआड आई आणि मी. सकाळीच अण्णांनी तिला बजावलं होतं, "आज खोकायचं न्हाई हां, भागे." स्पूल स्वच्छ भरलं. पुढे दोन वर्षं येईल त्याला ते ऐकवून अण्णा विचारायचे, "मधी एक तरी आवाज आलाय का?" ते असं विचारायचे तेव्हा मी उठून आत जायचे.

हेडफोन आल्यावर अण्णा दुपारी दुकान बंद ठेवून घरी बसू लागले. एकेक स्पूल काढायचे, डोळे मिटून ऐकायचे, आणि मधेच मशीन थांबवून टेपच्या वेटोळ्यात खुणेसाठी कागदाचा कपटा सरकवायचे. एक दिवस मी शाळेतून आले तर त्यांचे डोळे लाल. मला हाताने जवळ बसवलं, हेडफोन माझ्या कानांवर ठेवला आणि मशीन चालू केलं. गोंधळी गात होते. त्यांच्या मागे, खूप लांब, कुणीतरी हंडा ठेवला आणि बांगड्या वाजल्या.

"भागी हाय ती," अण्णा म्हणाले. "स्पीकरात कवा ऐकूच आली न्हाई."

मी रडले. त्या दिवशी मला बापाचा राग आला नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात त्यांनी अजून तीन जागा शोधून काढल्या. एकीत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, एकीत झाडू, एकीत कोंबडीला हाकलतानाचं नुसतं "हुश्श". तेवढ्यावर आम्ही दोघं दिवस काढत होतो.

मग एका दुपारी छगनबाबांच्या स्पुलाच्या अगदी शेवटी एक कपटा दिसला. मी विचारलं, "इथे काय आहे?"

अण्णा गडबडले. "काई न्हाई."

"आई आहे का? बोलते?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "हाय," म्हणाले. "दोन शब्द हायेत."

"मग लावा."

"न्हाई, पुष्पे. ह्ये न्हाई."

मी हात पुढे केला, त्यांनी हेडफोन छातीशी धरला. माझा तोल गेला. जे दोन वर्षं गिळलं होतं ते सगळं बोलले. जिवंतपणी तिला बोलू दिलं नाहीत, खोकूसुद्धा दिलं नाहीत, आणि आता मेल्यावर तिचे दोन शब्द स्वतःच्या दोन कानांत कोंबून ठेवताय. अण्णांनी मान खाली घातली. तिथून महिनाभर आम्ही एका ताटलीच्या अंतरावर जेवलो आणि एकमेकांशी बोललो नाही.

आठवडे बाजाराच्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि अण्णा रेडिओचे व्हॉल्व आणायला नगरला गेले होते. मी ते स्पूल काढलं. टेप कशी ओवायची ते मला लहानपणापासून येत होतं. हेडफोन लावला. चामड्याला अण्णांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता.

छगनबाबा दम घ्यायचे तो ऐकू येत होता, सनईची ओली पिपाणी ओठांत सरकायची तीही. शेवटचा सूर आला, लांबला, थांबला. एरवी इथे ऐकणारा 'वा!' म्हणायचा आणि अण्णा मशीन बंद करायचे. पण भरताना त्यांची पद्धत वेगळी होती. सूर थांबला तरी ते बटण दाबायचे नाहीत. सूर विझू द्यायचा म्हणत आणि बोटांवर दहा मोजत. त्या दहा अंकांची टेप हेडफोन येईपर्यंत आमच्यापैकी कुणी ऐकलीच नव्हती.

मी टेप चालूच ठेवली. दाराआडून घशात अडकलेली खरखर आली. मग एक कुजबुज, जवळची, रागीट.

"आई, गप गं! दाब तोंड. सगळं वाटोळं करशील अण्णांचं!"

कोण ही पोरगी, असं मला खरोखर वाटलं. स्वतःचा आवाज मी तोवर कधी मशीनमधून ऐकला नव्हता. माझाही कुठे भरलेला नव्हता.

मग आई बोलली. पदराच्या बोळ्यातून बोलल्यासारखी. "दाबलंय बाई. हुंदे त्यांचं. मंग खोकते."

आणि खट् असा आवाज होऊन टेप संपली.

तेव्हा मला आठवलं. पदर तिने नंतर धरला होता. आधी तिच्या तोंडावर माझा तळहात होता. तिचा गरम, ओला श्वास माझ्या बोटांमधून बाहेर यायला बघत होता आणि मी बोटं घट्ट मिटली होती. हे मी कसं विसरले होते, मला आजही कळत नाही. अण्णांचं "आज खोकायचं न्हाई" मात्र मी शब्दन् शब्द जपून ठेवलं होतं.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. मान वर केली तर अण्णा दारात उभे होते, हातात व्हॉल्वचं खोकं. मी हेडफोन काढला.

"ऐकलंस," ते म्हणाले.

"मला सांगायचं ना, अण्णा. मी तुम्हाला काय काय बोलले."

"खोटं न्हवतं त्ये. मीच सांगितल्तं तिला सकाळी. तू माजंच ऐकलंस." ते माझ्यासमोर खाली बसले. खोकं बाजूला ठेवलं. "म्या एकट्यानं आईकलं तवा वाटलं, ब्लेडनं तुजं तेवडं कापून टाकावं. तुला नुसती आई ऐकवावी. लई येळा ब्लेड हातात घेतलं. पन तुजा सबुद संपायच्या आदीच तिचा सुरू हुतोय. तुजं कापलं तर तिचंबी जातंय. ती बोललीय तेवडीच जागा हाय सगळ्या टेपांत."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओरडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी म्हटलं, "परत लावा."

"नगं, पोरी."

"लावा, अण्णा. दोघं ऐकू."

त्यांनी टेप मागे घेतली. हेडफोनची एक वाटी बाहेर वळवली, एक माझ्या कानाला, एक त्यांच्या, आणि आम्ही डोकी जवळ आणून बसलो. सूर विझला. अण्णांचा अंगठा त्यांच्याही नकळत बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. एक, दोन, तीन. चारला माझा आवाज आला, सहाला आईचा. आठ, नऊ, दहा, आणि खट्.

त्यानंतर आई किती वेळ खोकली ते मला आठवलं. भिंतीला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली होती आणि मी तिला पाणी द्यायचं सोडून सनईवाल्याला चहा द्यायला गेले होते. ते टेपवर नाही. अण्णांचे दहा मोजून झाले होते.