चिंताकीच्या अंगठ्यांची शाई

मित्रांनो, ज्यांना सही येत नाही ते आधी माझ्यावर अंगठा टेकतात, मग कागदावर. पत्र्याच्या चपट्या डबीतली मी एक जुनी शाईची गादी. माझा जन्म हैदराबादचा. आयुष्य गेलं कर्नाटकातल्या औराद तालुक्यातल्या चिंताकीच्या शाळेत, शोभाबाई मास्तरणींच्या टेबलावर.

१९८२ साली बीदरहून एक कागद आला. सगळ्या देशांनी आपले अणुबॉम्ब मोडून टाकावेत, अशी संयुक्त राष्ट्रांकडे मागणी होती. जगभर त्यासाठी सह्या गोळा होत होत्या. शोभाबाईंनी मला पिशवीत टाकलं आणि त्या दारोदार निघाल्या. त्यांच्या बौद्ध वस्तीत शेजारच्या पार्वतीबाईंपासून सुरुवात होऊन सगळ्यांनी अंगठे दिले. धनगरवाड्यावर मात्र म्हाताऱ्या बिराप्पानं हात घोंगडीत ओढून घेतला.

“न्हाई, बाई. आमच्या अप्पानं न वाचता अंगठा दिला अन् कुरण गेलं.”

त्याचं ऐकून सगळी वस्ती मागं सरली. शोभाबाई तिथंच मातीत बसल्या.

“मग मी वाचते, अण्णा. पटलं तर द्या.”

त्यांनी कागद मराठीत वाचला, मग कन्नडमध्ये. जपानच्या दोन शहरांवर काय पडलं तेही सांगितलं.

“तिथं जनावरं व्हती?” बिराप्पानं विचारलं.

“माणसं, जनावरं, पाखरं, समदी जळाली. वाचलेली माणसं अजून दुखणं भोगायलीत.”

“मग आणखी बनवायलेत कामून?”

“तेच इचारायलाव आपण.”

बिराप्पानं अंगठा इतका दाबला की माझी शाई वर आली. त्याच्यामागून त्याची बायको नागूबाई, मग अख्खी वस्ती. गावाचे दोनशे चौदा अंगठे झाले.

कागद गेला. पुढची पाच वर्षं मला कुणी उघडलं नाही. कपाटात मी वाळून खडखडीत झाले.

१९८७ च्या डिसेंबरात रेडिओनं सांगितलं, अमेरिका आणि रशिया एका जातीची सगळी अणुक्षेपणास्त्रं मोडणार. नुसती थांबवणार नाहीत, मोडणार. शोभाबाई मला मुठीत धरून धनगरवाड्यावर धावत गेल्या.

“आपल्या अंगठ्यानं झालं व्हय, बाई?” नागूबाईंनी विचारलं.

“कोट्यवधी लोकांनी मागितलं, अक्का. त्यात आपण बी व्हताव.”

बिराप्पानं ढोल काढला. दोन्ही वस्त्या एका अंगणात नाचल्या, आणि डबीत मीही थरथरत होते.

मित्रांनो, बॉम्ब अजून पुष्कळ उरलेत. मला कपाटात विसरू नका. शोभाबाई पुन्हा विसरल्या नाहीत. नाचून घामेजल्या हातांनीच त्यांनी पुढच्या कागदासाठी माझ्यावर नवी शाई ओतली.