काचबाईचा कुलूपवाला

सहावा ‘कुलूपवाला’ सिनेमा काचबाई करणार ही बातमी सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत लोकांनी तिला धुऊन काढलं.

काचबाई हे नाव तिला तिच्या कामामुळेच पडलं होतं. तिच्या तिन्ही सिनेमांत काच फुटायची, आणि अशी फुटायची की बघणाऱ्याचा हात खाता खाता तसाच राहावा. निळा-जांभळा उजेड, हवेत तरंगणारे तुकडे, त्यांतून गिरकी घेत जाणारी नायिका, आणि तिच्या केसालाही धक्का नाही. ‘कुलूपवाला’ लोक बावीस वर्षं बघत आले होते ते मात्र नेमक्या उलट कारणासाठी. त्यातला नायक कुलपं दुरुस्त करणारा साधा माणूस. कुणाचं तरी दार उघडून द्यायला जातो आणि भलत्याच भानगडीत सापडतो. त्याला मारामारी येत नाही. तो मार खातो, धापा टाकतो आणि चिवटपणे पुन्हा उभा राहतो, एवढंच. पाच सिनेमे करून जुने दिग्दर्शक थकले, घरी बसले, आणि निर्मात्यानं काचबाईला बोलावलं.

“ऐका हं बाबा,” ती फोनवरून वाचत होती. “‘आता कुलूपवाला दार उघडायच्या आधी केस विंचरणार.’ आणि हा दुसरा म्हणतो, ‘त्याला शोकेसमध्ये ठेवणार.’”

बाबा ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून कांदा चिरत होते. काठी ओट्याला टेकवलेली. मान वर न करता ते म्हणाले, “दुसरा बरोबर बोलतोय.”

“बाबा!”

“मग काय खोटं बोलू? तुझी मारामारी बघायला छान वाटते. पण कुणाला लागतंय असं वाटतच नाही.”

“लागू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप करते मी.”

“लागू नये ते शूटिंगमध्ये. पडद्यावर लागायला नको?”

बाबांशी या विषयावर बोलणं सोपं नव्हतं. पहिल्या दोन ‘कुलूपवाला’मध्ये नायकाच्या जागी पडणारा, उड्या मारणारा डुप्लिकेट म्हणजे तिचे बाबा. दुसऱ्या सिनेमात जिन्यावरच्या मारामारीत कठडा नको तिथे तुटला आणि ते अर्ध्या मजल्यावरून खाली आले. खुब्यात सळई बसली, हातात काठी आली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. पुढे सिनेमात आली ती मनाशी एक ठरवूनच: आपल्या सेटवर कुणाचं हाड मोडणार नाही. तारा, गाद्या, साखरेची काच, कॅमेऱ्याचा कोन, उजेड. लोक ज्याला तिची स्टाइल म्हणायचे, ती सगळी त्या ठरावातून आलेली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

काम सुरू करण्याआधी तिनं एका छोट्या प्रीव्ह्यू थिएटरात पाचही सिनेमे ओळीनं बघायचं ठरवलं. एकटीच बसली, मांडीवर वही. दुसरा सिनेमा तिनं आजवर पाहिलाच नव्हता. जिन्याचा प्रसंग जवळ आला तशी तिची बोटं पेनावर घट्ट झाली. तो शॉट कापला असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

कापलेला नव्हता. कठडा तुटला, आणि नायकाच्या शर्टातले तिचे बाबा खाली आले. जेमतेम दीड सेकंद. खाली पडल्यावर पाय जसा वळला, तसा कुणाचा पाय मुद्दाम वळवता येत नाही.

या मालिकेतला लोकांचा सर्वात आवडता शॉट हाच होता. त्याच्यावर लेख लिहून आले होते; दुसऱ्या भागाबद्दलचं काहीही वाचायचं, ऐकायचं तिनं कायम टाळलं होतं. ‘इतकं खरं पडणं पडद्यावर दुसरं नाही,’ असं सगळे म्हणायचे. खरं होतंच ते.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. पहिला विचार आला, सरळ नाही म्हणून सांगावं. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला, पण आला तो पक्का होऊन. सोडायचं नाही. लोकांना लागलं पाहिजे आणि लागायचं कुणालाच नाही, असं करून दाखवायचं.

घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, “तुमचा तो शॉट ठेवलाय त्यांनी. मला माहीत नव्हतं.”

“ठेवणारच. मीच म्हणालो होतो ठेवा.”

“तुम्ही?”

“हॉस्पिटलात विचारायला आले होते. म्हटलं, एवढं मोडलंय तर निदान दिसू तरी द्या.” बाबांचा आवाज एकदम ताठ झाला. “माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते. त्याची कीव करायची नाही, सांगून ठेवतो.”

तिला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते कळेना.

शूटिंग सुरू झालं. पाचव्या दिवशी जिन्यावरची मोठी मारामारी होती. जुन्या कचेरीचा सेट, तीन मजली जिना, वर काचेचं छत. तिनं ती आपल्या हातवळणानं घेतली. निळा उजेड, छत फुटतंय, तुकडे पडताहेत, मधून नायक कोटाचा घेर उडवत खाली येतोय. युनिटनं टाळ्या वाजवल्या. निर्माता मॉनिटरसमोर हात चोळत म्हणाला, “वा! याच्यासाठीच तर तुम्हाला आणलंय, बाई.”

नायक साठीचा गृहस्थ. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. “मी बावीस वर्षं हा माणूस करतोय,” ते शांतपणे म्हणाले. “हा कोण आहे, मला ओळखू येत नाहीये.”

तिनं पुन्हा एकदा शॉट बघितला. मग आणखी एकदा. अत्तराची जाहिरात वाटत होती. कुलूपवाल्याच्या हातात अत्तराची बाटली तेवढी द्यायची बाकी होती.

“आजचं सगळं बाद,” ती म्हणाली.

निर्मात्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. “बाद म्हणजे? अहो, लोक काचेसाठी येणार आहेत!”

“काच असेल. पण मी म्हणेन तेव्हा, मी म्हणेन तशी. उद्या हाच प्रसंग पुन्हा.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर परवा पुन्हा.”

संध्याकाळी तिनं बाबांना विचारलं, उद्या सेटवर याल का? अपघातानंतर ते सेटवर पाऊल ठेवायला कधीच तयार झाले नव्हते. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. “कशाला? कीव करायला?”

“शिकवायला. मला पाडता येतं, पण पडल्यानंतरचं येत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. साहेबांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. “उस्ताद!” एवढंच म्हणाले. दोघेही मग उगाचच जिन्याकडे बघत राहिले.

“हे बघा,” बाबांनी काठीनं तिसरी पायरी दाखवली. “पडल्या पडल्या माणूस ओरडत नाही. आधी आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं का. लाज पहिली येते. दुखणं मागाहून. आणि उठताना तो ज्या हातानं टेकू घेईल, तो हात दुखऱ्या बाजूचा नसतो. तुमच्या सिनेमांतले सगळे भलत्याच हातावर उठतात.”

काचबाई भराभरा लिहून घेत होती. तिला एकाएकी लख्ख दिसलं. पडणं दाखवायचंच कशाला रेंगाळून? तिच्या जुन्या सिनेमांत तुकडे हवेत तरंगायचे ते थांबवलेल्या वेळेमुळे. ती युक्ती तिनं उलटी लावायची ठरवली. पडणं झटक्यात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलेलं. आणि पडल्यानंतरचं सगळं संथ. ती लाज, तो धड बाजूनं टेकू शोधणारा हात, तो पहिला श्वास.

तारा लागल्या. पायऱ्यांवर रबर चढलं, वरून लाकडाचा रंग. डुप्लिकेट तयार झाली. साहेबांच्या अंगकाठीची, चाळिशीतली, कसलेली बाई होती ती. तेवढ्यात साहेब म्हणाले, “इथे मी स्वतः पडणार.”

“नाही.”

“या मालिकेत खरं असतं. म्हणून ती चालते.”

“तुमच्या हाडांवर मी टाळ्या घेणार नाही, साहेब.”

“मी विचारत नाहीये, सांगतोय.”

“मीही सांगतेय.”

साहेब पाय आपटत आपल्या खोलीत निघून गेले. निर्माता तिच्या कानाशी कुजबुजला, “अहो, जरा नमतं घ्या. त्यांच्यावर सिनेमा चालतो.” ती खुर्चीत बसून राहिली. पाऊण तास कॅमेरे नुसतेच लावलेले राहिले.

शेवटी बाबाच उठले. काठी टेकत साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि दार उघडं ठेवूनच बोलले, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

“साहेब, दुसऱ्या भागात तुमच्या जागी मी पडलो. मला त्याचा अभिमान आहे, आजही. पण त्यानंतर माझ्या पोरीला शाळेत न्यायला मी कधी जिना उतरून गेलो नाही. दोन्ही खरंच आहे. आता तिचं ऐकायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.”

ते परत येऊन आपल्या जागेवर बसले. काचबाईनं मान खाली घातली. हे वाक्य तिनंही आजच ऐकलं होतं.

दहा मिनिटांनी साहेब आले. “पडणं तिचं,” डुप्लिकेटकडे बोट दाखवत ते म्हणाले, “पण उठणं माझं.”

“उठणं तुमचंच आहे,” काचबाई म्हणाली. “त्यासाठीच तर सगळं चाललंय.”

सात वेळा घेतलं. छतावरची काच त्या सगळ्या मारामारीत फुटलीच नाही. लोक वर बघून वाट पाहणार हे तिला माहीत होतं. एकदाच काचेला तडा गेला, तोही साहेब उठून उभे राहिल्यावर. निर्मात्यानं कपाळावर हात मारून घेतला.

सिनेमा लागला. ती आणि बाबा साध्या दुपारच्या खेळाला गेले, मागच्या रांगेत. जिन्याचा प्रसंग आला. पडणं झालं आणि संपलं. मग पडद्यावर साहेबांनी आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून, आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं दातांतून श्वास ओढत स्वतःची कंबर धरली.

बाबा कानाशी आले. “लागलं होतं का त्या डुप्लिकेट बाईला?”

“खरचटलंसुद्धा नाही.”

“नक्की?”

“फोन लावून देते, विचारा.”

ते मागे टेकून बसले.

लोकांचं मात्र एकमत झालं नाही. काचबाईनं कुलूपवाला वाचवला असं काही म्हणाले, काहींनी उजेड फारच देखणा आहे म्हणून नाक मुरडलं. घरी येताना बाबाही नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूला गेले. “कचेरीत एवढा निळा उजेड कुठून येतो गं? मत्स्यालय आहे का ते?”

“निळा माझा आहे, बाबा. तो राहणार.”

“कमी कर.”

“थोडा कमी करेन.”

“पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी.” सातवा करणार का, असा निर्मात्याचा निरोप तिला मध्यंतरातच आला होता. तिनं अजून उत्तर दिलं नव्हतं. आता घराचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर बाबा दम घ्यायला थांबले, तेव्हा तिनं फोन काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: सातवा करते. अट एकच, डुप्लिकेटचं नाव साहेबांच्या नावाच्या शेजारी, त्याच अक्षरांत. मग तिनं बाबांच्या कोपराखाली हात घातला. त्यांनी तो झटकून टाकला आणि निळ्या रंगावरून वाद पुढे चालू केला.