साखळीची सहावी कडी

माझ्या मुलीचं, रुचिताचं, लग्न झालं तो दोन हजार तेवीसचा मार्गशीर्ष. लग्नासाठी भिसेगावच्या घराला सरकत्या खिडक्या केल्या. उरलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी माझ्या मुलाने, देवेशने, उचलली आणि तिच्यावर निळे-पांढरे एलईडी बसवले. त्यांची उष्णता पट्टीत उतरावी म्हणून खाली पांढरी पेस्ट लावायची, ते काम माझं.

"बाबा, भाकरीला लोणी लावताय का? पातळ लावा."

वर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, नाहीतर पट्टी तव्यासारखी तापायची.

हे सगळं देवेशने घरात ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतल्या प्रवाळांसाठी. मी त्यांना फुलं समजायचो. ते जीव आहेत आणि उजेडावर जगतात, हे देवेशने सांगितलं. दिवा टाकीवर साखळीने टांगला.

"दर सोमवारी एकच कडी खाली घ्यायची. एकदम उजेड दिला तर पांढरे पडून मरतात. आणि रात्री काळोख पायजे. त्यांना पण झोप हाय."

त्याने टायमर लावला. वर कागद चिकटवला: सकाळी दहाला चालू, संध्याकाळी सातला बंद. मी साठीनंतर वाचायला शिकलो, म्हणून अक्षरं मोठी काढली होती.

पाच सोमवारी पाच कड्या मी खाली घेतल्या.

मग चौक गावाहून येताना देवेश टेंपोखाली गेला.

त्याला टाकीशेजारीच निजवलं होतं. तिथे तेलाचा दिवा लावला. आमच्यात तो तेराव्यापर्यंत विझू देत नाहीत. माझी थोरली बहीण मोतीबाई तेल घालायला बसली होती. सात वाजले, टाकीवरचा दिवा गेला.

"ह्यो का इझला रं, धोंडी?"

"त्याला टायमर हाय."

"मग काढ तो. पोराच्या हातचा दिवा तू इझू देतोस?"

कागद समोर होता. मला वाचता येत होतं. मी टायमर काढला, दिवा परत लागला.

सोमवारी सहावी कडीही खाली घेतली. तो दिवस कडीचा होता.

भेटायला येणारे टाकीजवळ बसून चहा प्यायचे. नवव्या दिवशी एक जण म्हणाला, "पांढरी फुलं छान दिसतात." मी हो म्हटलं. पंखा चालू होता.

तेराव्याला मोतीबाईने तेलाचा दिवा शांत केला. मी टाकीवरचा बंद केला.

माझा मुलगा देवेश गुरुवारी, आठ फेब्रुवारी दोन हजार चोवीसला वारला. प्रवाळ अकराव्या दिवशी मेले.